देह दिला, चेहरा नाही

मालपे हे पेडणे तालुक्यातले महामार्गालगतचे लहान गाव. भेंडीबाजार घराण्याच्या थोर गायिका अंजनीबाई मालपेकर मूळच्या इथल्या. १८८३ साली जन्मलेल्या अंजनीबाई आठव्या वर्षी उस्ताद नझीर खाँ यांच्यासमोर तालमीला बसल्या, सोळाव्या वर्षी मुंबईत जाहीर मैफल गायल्या, चाळिशीत त्यांनी जाहीर गाणे सोडले आणि १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळवणारी पहिली स्त्री होण्याचा मान मिळवला. एवढे सगळे सांगून झाले तरी त्यांच्या परिचयात एक वाक्य येतेच, की राजा रविवर्म्यांनी त्यांना समोर बसवून चित्रे रंगवली. शेजारच्या डिचोली तालुक्यातल्या मुळगावच्या राजीबाई मुळगावकर यांच्याविषयीही असेच सांगतात, की रविवर्म्यांच्या लक्ष्मी-सरस्वतीचा चेहरा त्यांचा.

रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. तिथून निघालेली रंगीत चित्रे देवघरात, दुकानात, कॅलेंडरावर पोचली. कलावंतीण म्हणून जिला सभ्य घराच्या माजघरात कोणी पाय ठेवू दिला नसता, तिच्या चेहऱ्याला त्याच घरात हळदकुंकू वाहिले गेले. चित्राखाली तिचे नाव नव्हते. आज आपण ती नावे शोधून काढतो, लेखात छापतो, आणि एक जुना अन्याय दूर केल्याचे समाधान मानतो. ते समाधान मलाही पटते. पण त्या बायकांना कधी कोणी विचारले होते का, की बाई, तुमचे नाव सांगायचे की झाकायचे? नाव गाळले गेले तेव्हा निर्णय चित्रकाराचा आणि बाजाराचा होता, आणि नाव परत लावले गेले तेव्हा तो अभ्यासकांचा आणि आपला होता. समोर बसलेल्या बाईच्या हातात तो एकदाही आला नाही.

चित्रकाराच्या हाती निदान कुंचला होता. नाक एकीचे, डोळे दुसरीचे, बांधा तिसरीचा असे करून तो कोणालाही ओळखू न येणारी मोहिनी उभी करू शकत होता. कॅमेऱ्याला ते जमत नाही. समोर असेल ते तो टिपतो, आणि नको असलेलेही टिपतो: खांद्यावरचा तीळ, दंडावरची लस टोचल्याची खूण, मागच्या खिडकीतून दिसणारा डोंगर.

आज पेडण्याच्या किनाऱ्यावर कॅमेऱ्यांना तोटा नाही. हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी, केरी इथे पहाटेच्या उजेडात लग्नाआधीची शूट चालतात, कपड्यांच्या कंपन्यांची चालतात. जानेवारी २०२३ मध्ये मोपाच्या विमानतळावरून वाहतूक सुरू झाल्यापासून मुंबई-दिल्लीहून येणे आणखी सोपे झाले. यांखेरीज आणखी एक प्रकार आहे, ज्याविषयी कोणी मोठ्याने बोलत नाही. भाड्याच्या व्हिलात, दार लावून, अंगावर थोडे किंवा काहीच नसताना काढलेले फोटो. कोणी ते कलेसाठी काढून घेते, कोणी पैशांसाठी, कोणी स्वतःच्या देहाकडे एकदा निर्भयपणे पाहता यावे म्हणून. बोलीभाषेत त्याला ‘बोल्ड शूट’ म्हणतात. मी इथे फक्त सज्ञान आणि स्वेच्छेने कॅमेऱ्यासमोर उभ्या राहणाऱ्या माणसांविषयी लिहितो आहे. मुलांच्या बाबतीत संमती हा शब्द उच्चारताच येत नाही. तिथे फक्त गुन्हा असतो, आणि त्याची कटू ओळख गोव्याला नव्वदच्या दशकातच झाली आहे.

अशी सज्ञान मॉडेल जेव्हा म्हणते, ‘फोटो काढा, पण मी कोण ते कळता कामा नये’, तेव्हा तिने एक पूर्ण करार केलेला असतो. तिने देह दिला, चेहरा दिला नाही. प्रकाश, आकार, त्वचा, वळण दिले. नाव, गाव, घराणे दिले नाही. या कराराचा दुसरा भाग पहिल्याइतकाच खरा आहे. तो मोडणाऱ्याने तिने न दिलेली वस्तू घेतली, असेच म्हणावे लागेल. आपला समाज हे मानत नाही. आपला कायदाही हे नीट मानत नाही, आणि कायद्याची ती चूक मला अधिक गंभीर वाटते.

आधी समाजाचे बोलू. पहिला आक्षेप ठरलेला असतो: लाज वाटत नाही तर नाव का लपवता? प्रश्न वरवर बिनतोड दिसतो. पण आपण मतदान गुप्तपणे करतो ते मत देण्याची लाज वाटते म्हणून नव्हे. मत उघड झाले तर मालक, सावकार, सरपंच त्याची किंमत वसूल करतील, हे माहीत असते म्हणून मतपेटीला पडदा असतो. मॉडेलच्या अनामिकतेला हाच अर्थ आहे. तिला स्वतःच्या देहाची लाज वाटत असेलच असे नाही. लोक त्याबद्दल काय वसूल करतील हे तिला ठाऊक असते. पेडण्यासारख्या तालुक्यात तर वाड्यावाड्यात एकमेकांची चार पिढ्यांची माहिती असते. इथे नाव एकटे येत नाही. त्याच्यामागून आई येते, लग्नाची बहीण येते, देवळाच्या महाजनकीतले काका येतात, भाड्याची खोली आणि शाळेतली नोकरी येते. ‘ती खंयची?’ हा आमच्याकडे ओळख विचारण्याचा पहिला प्रश्न, आणि त्याचे उत्तर मिळाले की बाकीची सगळी उत्तरे आपोआप मिळतात. अंजनीबाई किंवा राजीबाई यांच्या आडनावातच त्यांचे गाव होते. त्यांना लपायला जागाच नव्हती.

रवी जाधव यांच्या ‘न्यूड’ या मराठी चित्रपटात हेच दुःख आहे. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात विद्यार्थ्यांसमोर विवस्त्र बसणारी बाई घरी, शेजारी, स्वतःच्या मुलाला काम वेगळेच सांगते. चित्रकलेचे शिक्षण मानवी देह पाहिल्याशिवाय होत नाही. तो देह कुठल्यातरी गरजू बाईचा असतो. शिकून नाव कमावणारे कमावतात आणि ती झाडूवाली म्हणून ओळख सांगत राहते. नोव्हेंबर २०१७ मध्ये पणजीच्या इफ्फीसाठी ज्युरीने निवडलेला हा चित्रपट माहिती व प्रसारण मंत्रालयाने यादीतून काढला, तेव्हा ज्युरीचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. २०१८ च्या एप्रिलमध्ये तो चित्रपटगृहांत आला. गोव्यात आठवडाभर आविष्कारस्वातंत्र्यावर पुष्कळ बोलले गेले. चित्रपटातल्या बाईला नाव लपवावे का लागते, यावर मात्र फारसे कोणी बोलले नाही, आणि माझ्या मते चित्रपटाचा गाभा तोच होता.

आता कायदा. इथे थोडे थांबून पाहायला हवे, कारण गोम बारीक आहे.

माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने ६६-ई हे कलम आले. कोणाही व्यक्तीच्या खाजगी अवयवांचे चित्र तिच्या संमतीशिवाय टिपणे, प्रसिद्ध करणे, पाठवणे हा गुन्हा. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम स्त्री-पुरुष सगळ्यांना लागू आहे, ही त्याची चांगली बाजू. पण खाजगी काय, याची व्याख्या कायद्याने अवयवांची नावे घेऊन केली आहे. त्यात चेहरा नाही, नाव नाही, पत्ता नाही. समजा, एका मॉडेलने चेहरा वगळून देहाचे फोटो प्रसिद्ध करायला परवानगी दिली. फोटो छापून आले, कोणी ओळखले नाही. मग कोणीतरी दंडावरच्या टॅटूवरून शोध घेतला, तिच्या इन्स्टाग्रामवरचा साडीतला साधा फोटो उचलला आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवून गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले. देहाच्या फोटोला तिची संमती होती. साडीतला फोटो तिनेच जगाला दाखवलेला होता. ६६-ई च्या चौकटीत यातला कुठला तुकडा गुन्हा आहे? आरोपीचा वकील हसतमुखाने उभा राहील. आणि तिचे आयुष्य तर त्या दोन फोटोंच्या मधल्या बोटभर जागेतच उद्ध्वस्त झालेले असते.

भारतीय न्याय संहितेचे कलम ७७, म्हणजे २०१३ पासून दंडसंहितेत असलेले जुने ३५४-सी, याहून पुढे जाते. त्याच्या दुसऱ्या स्पष्टीकरणात एक फार मोलाचा विचार आहे: चित्र टिपायला संमती दिली, पण तिसऱ्या माणसाला दाखवायला दिली नाही, आणि तरीही ते दाखवले, तर तो गुन्हा. म्हणजे संमतीचे तुकडे करता येतात, एका गोष्टीला हो म्हणणे म्हणजे पुढच्या सगळ्याला हो नव्हे, हे आपल्या कायद्याने एकदा तरी मान्य केले आहे. पण हे कलम फक्त स्त्रीच्या चित्राला संरक्षण देते. पुरुष मॉडेलला यात जागा नाही. शिवाय ते ‘खाजगी कृती’भोवती बांधलेले आहे. दिवे, रिफ्लेक्टर आणि मेकअप करणारी मुलगी समोर असताना दिलेली पोझ खाजगी कृतीत बसते का, यावर न्यायालयात वाद घालता येतो. आणि ‘देह दाखवा, ओळख दाखवू नका’ ही अट मोडली तर काय, हे तिथेही लिहिलेले नाही.

सगळ्यात बोचणारी गोष्ट पुढेच आहे. बलात्काराच्या तक्रारदार स्त्रीचे नाव छापणे संहितेच्या ७२ व्या कलमाने गुन्हा आहे. ते कलम ६४ ते ७१ या कलमांखालच्या गुन्ह्यांपुरते आहे. सत्त्याहत्तरावे त्याच्या बाहेर राहिले. म्हणजे जिचे संपूर्ण नुकसानच ओळख उघडी पडण्याने झाले, तिने पोलिस ठाण्यात जावे तर तिची ओळख झाकण्याची हमी त्या कलमात नाही. न्यायालये पुष्कळदा नावाऐवजी ‘एक्स’ लिहून माणुसकी दाखवतात. पण न्यायाधीशाच्या सद्भावनेवर सोडलेल्या गोष्टीला हक्क म्हणत नाहीत.

दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये अशाच एका ‘एक्स’च्या खटल्यात फार महत्त्वाची दिशा दाखवली. त्या स्त्रीचे समाजमाध्यमांवरचे साधे, पूर्ण कपड्यांतले फोटो कोणीतरी उचलून अश्लील संकेतस्थळावर टाकले होते. फोटोंत स्वतःत आक्षेपार्ह काही नव्हते. तरीही ते तिथे, तिच्या संमतीशिवाय ठेवणे हाच गुन्हा आहे, असे न्यायालयाने मानले, आणि शोधयंत्रांनाही ते दिसेनासे करण्याचे आदेश दिले. चेहरा कुठे ठेवला जातो यावर त्याचा अर्थ ठरतो, हे त्या निकालाने ओळखले. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला होता. त्या तत्त्वाला इथे हाड-मांस मिळाले. कलमांच्या शब्दांत ते अजून उतरलेले नाही.

उलट ज्या कलमांना धार आहे ती तिच्याच गळ्याशी येतात. अश्लीलतेचा कायदा फोटो काढणाऱ्याला आणि फोटोत असलेल्याला एकाच रांगेत उभे करतो. १९९५ सालच्या बुटांच्या जाहिरातीचा खटला मराठी वाचकांना आठवत असेल. मधू सप्रे आणि मिलिंद सोमण, अंगावर फक्त अजगर आणि पायात बूट, छायाचित्रकार प्रबुद्ध दासगुप्ता. खटला सुमारे चौदा वर्षे चालला आणि २००९ मध्ये सगळे सुटले. पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये सोमण यांच्यावर गोव्याच्या किनाऱ्यावर विवस्त्र धावतानाच्या फोटोवरून दक्षिण गोव्यात गुन्हा नोंदला गेला. अशा माणसांना प्रसिद्धी हेच कवच असते. वकील मिळतो, अग्रलेख मिळतात, चाहते मिळतात. म्हापशाच्या दुकानात दिवसा काम करून महिन्यातून एखादे शूट करणाऱ्या मुलीला चौदा वर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढणे परवडेल का? ती तक्रार करायला जाईल, आणि ठाणेदार विचारेल, ‘पण असले फोटो तू काढून घेतलेसच कशाला?’ त्या प्रश्नात तक्रारदाराची आरोपी होण्याची पूर्ण शक्यता भरलेली आहे. म्हणून ती जात नाही. आणि ती जाणार नाही हे ब्लॅकमेल करणाऱ्याला पक्के माहीत असते.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ काढले, त्याच्या मुखपृष्ठांवर विवस्त्र स्त्रीचित्रे छापली आणि अश्लीलतेच्या खटल्यांना तोंड दिले. १९३४ च्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. महाराष्ट्राने कर्व्यांचे ऋण उशिरा का होईना मान्य केले आहे. पण नव्वद-शंभर वर्षे आपण या विषयात एकाच प्रश्नाभोवती फिरतो आहोत: चित्र श्लील की अश्लील? पाहणाऱ्याच्या मनावर काय परिणाम होईल, याची आपल्याला एवढी काळजी, की जिचे चित्र आहे तिच्यावर काय परिणाम होईल हा प्रश्न खटल्यांतही आला नाही आणि चर्चांतही नाही.

दुसरा आक्षेप मला गंभीर वाटतो, कारण तो भल्या माणसांकडून येतो. अनामिकतेच्या पडद्यामागे शोषण चालते, असे ते म्हणतात. नाव नाही, नोंद नाही, मग ती मुलगी अठराची की सोळाची, राजीखुशीने आली की फसवून आणली, कोण तपासणार? फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबईत मढ बेटावरच्या बंगल्यावर पोलिसांनी छापा घातला, तेव्हा वेबसीरिजच्या नावाखाली बोलावून भलतेच चित्रीकरण करायला लावल्याचे आरोप पुढे आले. ही भीती खरी आहे. पण तिचे उत्तर नाव चव्हाट्यावर आणणे हे नाही. लोकांपासून अनाम राहणे आणि कागदावर अनाम राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत १९८८ पासून असा कायदा आहे, की लैंगिक स्वरूपाचे चित्रण करणाऱ्याने प्रत्येक व्यक्तीच्या वयाचा पुरावा तपासून त्याची नोंद ठेवलीच पाहिजे. पडद्यावर नाव काहीही असो, दप्तरात खरे नाव आणि जन्मतारीख हवी. तसे दप्तर आपल्याकडेही असावे. ते फोटोंपासून वेगळे, कुलपात, आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय न उघडणारे असावे. फोटोच्या फाइलवर फक्त क्रमांक. अशा व्यवस्थेत सोळा वर्षांची मुलगी लपवता येणार नाही, आणि सव्वीस वर्षांची स्त्री उघडी पडणार नाही.

शोषण करणारा तर अनामिकतेचे वचन देऊन ते मोडतो. अमेरिकेतल्या सॅन डिएगोमध्ये एका अश्लील चित्रफितींच्या कंपनीने तरुण मुलींना सांगितले होते, की या फिती परदेशात डीव्हीडीवर विकल्या जातील, इंटरनेटवर येणार नाहीत, नाव कोणाला कळणार नाही. फिती इंटरनेटवर आल्या, पाठोपाठ नावे आली, आईवडिलांना आणि महाविद्यालयांना दुवे गेले. बावीस जणींनी दावा लावला. जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने त्यांना सव्वा कोटी डॉलरहून अधिक भरपाई आणि त्या फितींवरची मालकी देवविली. मालकी देवविली हे मला विशेष वाटते. पैसा मिळाला तरी चित्र दुसऱ्याच्या हातात असेल तर माणूस सुटत नाही.

आपल्याकडे ही मालकी कोणाकडे असते? कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा पहिला मालक सामान्यतः छायाचित्रकार. पैसे देऊन कोणी फोटो काढवून घेतला असेल, तर वेगळा करार नसल्यास काढवून घेणारा. समोर उभी राहिलेली मॉडेल या हिशेबात कुठेच नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ही मालकी छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालते. याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. तोंडी दिलेला शब्द माणसाबरोबर जातो, निगेटिव्ह आणि हार्ड डिस्क वारसांकडे जातात. वारसाला तो शब्द माहीत नसतो, किंवा माहीत असून पाळायचा नसतो. संग्रहालय येते, लिलाव येतो, ‘हरवलेला खजिना सापडला’ अशी बातमी येते. न्यू ऑर्लिन्सचा छायाचित्रकार बेलॉक याने १९१२ च्या सुमारास तिथल्या वेश्यावस्तीतल्या स्त्रियांचे फोटो काढले. त्याच्या मृत्यूनंतर काचेच्या पट्ट्या विकल्या गेल्या, ली फ्रीडलँडर यांनी त्या छापल्या आणि १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्या मांडल्या गेल्या. त्यांतल्या काही पट्ट्यांवर चेहरे खरवडून काढलेले आहेत. ज्यांचे चेहरे खरवडलेले नाहीत त्या बायका भिंतीवर टांगल्या गेल्या, त्यांना विचारायला कोणी उरले नव्हते. आपल्याकडे सत्तरच्या दशकात हणजुण्याच्या आणि हरमलच्या किनाऱ्यावर आलेल्या हिप्पींचे विवस्त्र फोटो आजही ‘जुना गोवा’ म्हणून फिरतात. त्यांतली वीस वर्षांची मुलगी आज कोणाची तरी आजी असेल.

याच्या अगदी उलटे वागलेली एक छायाचित्रकार आपल्या जवळची आहे. गोव्याशी घरोब्याचे नाते असलेल्या दयानिता सिंग १९८९ मध्ये लंडनच्या एका वृत्तपत्रासाठी दिल्लीतल्या हिजड्यांवर काम करत होत्या. मोना अहमद हिने दिलखुलासपणे फोटो काढू दिले. पण ते लंडनमध्ये छापले जाणार हे कळल्यावर ती म्हणाली, तिथे माझे नातेवाईक आहेत, त्यांना माझ्याबद्दल माहीत नाही. दयानितांनी रोल तिच्या हातात ठेवले. काम गेले, मैत्री राहिली. पुढे २००१ मध्ये दोघींचे पुस्तक आले, त्यात मोनाचे नाव शीर्षकातच आहे आणि मजकूरही तिचाच आहे. नाव द्यायचे की नाही हे मोनाने ठरवले, आणि तिला वाटले तेव्हा दिले. अंजनीबाईंना न मिळालेला हक्क तो हाच. इतिहासात हरवलेल्या मॉडेलना नावे परत द्यावीत म्हणणाऱ्या अभ्यासकांना मी एवढेच म्हणेन, की जिवंत व्यक्तीच्या बाबतीत ही घाई तुमची नसावी.

छायाचित्रकारांनी कायद्याची वाट पाहू नये. पुष्कळ काम त्यांच्या हातात आजच आहे. चेहरा नंतर संगणकावर धूसर करू, हे सोपे वाटते, पण मूळ फोटो तर शाबूत राहतो, आणि तो चोरीला जातो. धूसर केलेलेही दर वेळी टिकत नाही: २००७ मध्ये इंटरपोलने एका फरार गुन्हेगाराचा भोवऱ्यासारखा फिरवून लपवलेला चेहरा तज्ज्ञांकडून उलगडून घेतला आणि काही दिवसांत तो पकडला गेला. तिथे ते योग्यच झाले, पण तंत्र सज्जन-दुर्जन पाहत नाही. चेहऱ्यावरून इंटरनेटभर शोध घेणारी यंत्रे आता कोणालाही मिळतात. त्यामुळे ओळख झाकायची असेल तर ती बटण दाबण्याआधी झाकावी: पाठमोरी पोझ, सावली, केस, कापड, कडेला कापलेली चौकट. टॅटू आणि तीळ मेकअपने झाकावेत. मंगळसूत्र, पायातली जोडवी, आजीने दिलेली बांगडी उतरवून ठेवावी. घरची माणसे चेहऱ्याआधी दागिना ओळखतात. खोली अशी निवडावी, की खिडकीतून तेरेखोलचा किल्ला किंवा हरमलचे गोड्या पाण्याचे तळे दिसणार नाही. फोटोच्या फाइलमध्ये वेळ आणि जागा आपोआप नोंदली जाते, ती पुसावी. मोबाइलवर ‘बिहाइंड द सीन्स’ काढणाऱ्या सहायकाला दाराबाहेर ठेवावे. गाडीचालक आणि व्हिलाचा राखणदार यांच्यासमोर तिला खऱ्या नावाने हाक मारू नये. आणि एका कागदावर, तिला कळेल त्या भाषेत, लिहावे: कुठले फोटो, कुठे, किती काळ, चेहरा दिसणार की नाही, मूळ प्रती कोणाकडे, त्या कधी नष्ट करायच्या, आणि ही अट वारसांनाही बांधील. हा कागद लिहायला जो छायाचित्रकार कचरतो त्याच्यासमोर उभे राहू नये, असे मी कोणत्याही मुलीला आणि मुलालाही सांगेन.

किनाऱ्यावरच्या आपल्या वागण्याचाही यात वाटा आहे. जानेवारी २०२३ मध्ये गोव्याच्या पर्यटन खात्याला पत्रक काढून सांगावे लागले, की अनोळखी माणसांचे, विशेषतः ऊन खात पडलेल्यांचे किंवा समुद्रात पोहणाऱ्यांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय काढू नका. हरमलला मोबाइल झूम करून उभे असलेले पोरगे आपण सगळ्यांनी पाहिले आहे आणि पुष्कळदा काही न बोलता पुढे गेलो आहोत. विचारल्याशिवाय घेतलेला फोटो हक्काचा, असे ज्याला किनाऱ्यावर वाटते, त्याला विचारून घेतलेल्या फोटोतली अट पाळावीशी का वाटेल?

संसदेकडे आणि गोव्याच्या आमदार-खासदारांकडे माझे मागणे तीन ओळींचे आहे. संमतीने काढलेल्या अशा चित्रातील व्यक्तीची ओळख तिच्या संमतीशिवाय उघड करणे हा स्वतंत्र गुन्हा करा, मग ती स्त्री असो, पुरुष असो वा तृतीयपंथी. तक्रारदाराच्या नावाला बहात्तराव्या कलमाचे संरक्षण द्या. आणि तक्रार करणाऱ्यावर त्याच फोटोसाठी अश्लीलतेचा गुन्हा लावता येणार नाही, असे स्पष्ट लिहा.

वाचकाकडे मागणे याहून लहान आहे. असा एखादा फोटो उद्या तुमच्या फोनवर येईल, आणि खाली कोणीतरी लिहिलेले असेल, ‘वळखलें मरे?’ ओळखले असले तरी उत्तर देऊ नका. पुढे पाठवू नका, पाठवणाऱ्याला तोंडावर सांगा की हा गुन्हा असू शकतो, आणि ती व्यक्ती खरेच ओळखीची असेल तर तिला एकांतात, तिला अपराधी न वाटेल अशा शब्दांत, कळवा. २०२१ च्या नियमांनी विवस्त्र किंवा बनावट चित्राची तक्रार ज्याची त्याने केली की समाजमाध्यम कंपनीवर ते ठरलेल्या मुदतीत हटवण्याची जबाबदारी टाकली आहे. डिसेंबर २०२१ पासून ‘स्टॉप एनसीआयआय’ ही सोयही आहे. तिथे फोटो कोणाकडे पाठवावा लागत नाही; आपल्याच फोनवर त्याचा सांकेतिक ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो रोखतात. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर लैंगिक स्वरूपाच्या मजकुराची तक्रार स्वतःचे नाव न देताही करता येते.